पावसातले वाळवंट



वाळवंट कशास म्हणतात, असे वर्गात विचारले की मुले ठरावीक उत्तर देतात : जेथे पाऊस पडत नाही तो प्रदेश. उत्तर सुटसुटीत आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. परंतु आपण ज्या देशात येऊन स्थायिक झालो, त्या न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी एक असे वाळवंट आहे, की जे या उत्तराला मानीत नाही. तेथे वर्षाकाठी १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या मुंबईचा पाऊस याच मापात बसतो. असे असूनही तेथे मैलोन्मैल करडी वाळू, काळी खडी, गंजल्या लोखंडाच्या रंगाचे धोंडे आणि वाऱ्याने चेपलेले गवताचे झुपके यांखेरीज फारसे काही दिसत नाही. या प्रदेशाचे नाव रंगीपो. त्याच्या दक्षिण टोकाशी वायोउरू नावाचे एक चिमुकले गाव आहे. या खेपेस त्या गावाची आणि त्याच्या भोवतालच्या डोंगरमाळांची ओळख करून द्यावयाची आहे.

हा प्रदेश आपल्यापैकी पुष्कळांनी ओलांडलेला आहे. पाहिलेला मात्र थोड्यांनी. ऑकलंडहून वेलिंग्टनला मोटारीने जाणाऱ्याला तूरांगी आणि वायोउरू यांच्यामधला सुमारे साठ किलोमीटरचा टप्पा याच वाळवंटातून काटावा लागतो. त्या रस्त्याला ‘डेझर्ट रोड’ असेच म्हणतात. मुले मागच्या आसनावर झोपलेली असतात, मोठ्यांना मुक्काम गाठण्याची घाई असते आणि कोणी काचेबाहेर पाहून विचारलेच, तर ‘काही नाही, ओसाड आहे’ एवढ्यावर विषय संपतो. ‘ओसाड’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. एखाद्या भूमीला तो लावण्यापूर्वी काय काय पाहावयास हवे, हेच आजच्या लेखाचे प्रयोजन आहे.

आमच्या ईस्ट टामाकीहून निघून दक्षिणेचा रस्ता धरला की अर्ध्या तासाच्या आत पहिली गंमत भेटते. रस्त्यावरच्या पाटीवर ‘बॉम्बे’ असे लिहिलेले असते! मुंबईचे जुने नाव येथे कसे आले, हा प्रश्न आपल्या घरातील प्रत्येक लहान मुलाने एकदा तरी विचारलेला असतो. १८६३ साली ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून काही वसाहतवाले ऑकलंडला उतरले. त्यांना जेथे जमिनी मिळाल्या, त्या जागेस त्यांनी आपल्या जहाजाचे नाव दिले. मुंबईशी संबंध एवढाच. तरी ती पाटी मागे पडताना आपल्या मनात जे हलते, ते त्या वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या मनात हलत नसेल. नावात माणसे आपले काही ठेवून जातात आणि पुढे येणारे त्यात स्वतःचे काही पाहतात.

पुढे वायकाटोची हिरवी कुरणे लागतात, मग तौपोचे विशाल सरोवर. हे सरोवर म्हणजे एका महाभयंकर ज्वालामुखीचे मुख आहे, हे त्याच्या निळ्या शांत पाण्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही. इसवी सन २३२ च्या सुमारास त्याचा अखेरचा मोठा उद्रेक झाला आणि आसमंतातील जंगल तप्त राखेखाली गाडले गेले. तूरांगी सोडून रस्ता चढू लागला की या गोष्टीचा पुरावा दोन्ही बाजूंच्या दरडींत दिसू लागतो. पांढरट, पिवळसर, काळ्या अशा राखेच्या आणि प्युमिसच्या थरांवर थर. पायाच्या टाचा घासावयास आपण जो हलका, सच्छिद्र दगड न्हाणीघरात ठेवतो, तोच प्युमिस. भूगोलाच्या पुस्तकातील आकृती निसर्गाने येथे रस्त्याच्या कडेला काढून ठेवली आहे.

रस्ता १,०७४ मीटर उंचीपर्यंत चढतो. झाडे आधी खुजी होतात, मग विरळ होतात, मग नाहीशीच होतात. पश्चिमेस एकापाठोपाठ एक तीन पर्वत उभे राहतात. उत्तरेकडचा टोंगारिरो, रुंद आणि खांदे पडलेला. मधला नाउरुहोए, २,२८७ मीटर उंच, धान्याच्या राशीसारखा रेखीव. आणि दक्षिणेचा रुआपेहू, २,७९७ मीटर, उत्तर बेटातील सर्वांत उंच, माथ्यावर बर्फ धारण केलेला. तिघेही जागृत ज्वालामुखी आहेत. नाउरुहोएचा मोठा उद्रेक १९७५ साली झाला, रुआपेहू १९९५ आणि १९९६ साली खवळला होता, तर टोंगारिरोने २०१२ साली दोनदा राख उधळली. उजाडताना ऊन प्रथम बर्फावर पडते, मग खाली उतरत उतरत वाळूवर येते. त्या वेळी करड्या दिसणाऱ्या जमिनीतून जांभळा, विटकरी, गंधकी पिवळा असे रंग एकामागून एक उमटतात. रंगीपो या माओरी नावातील ‘रंगी’ म्हणजे आकाश आणि ‘पो’ म्हणजे काळोख. आपल्या मराठी कानाला मात्र त्यात आधी ‘रंग’च ऐकू येतो, आणि सकाळच्या त्या घटकेपुरता तो अर्थही चुकीचा वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. मुंबईइतका पाऊस पडूनही हे वाळवंट का? याची कारणे तीन. पहिले कारण मातीचे. येथील जमीन राख, वाळू आणि खडी यांची आहे. पाणी पडते आणि चाळणीतून गळावे तसे खाली निघून जाते. दुसरे कारण वाऱ्याचे. डोंगर ओलांडून येणारे कोरडे, जोराचे वारे उरलासुरला ओलावा शोषून नेतात. तिसरे कारण इतिहासाचे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकांत तप्त राखेचे लोट या भागावरून वाहिले आणि जमिनीतील बीसुद्धा जळून गेले. त्यानंतरही ज्वालामुखींनी या भूमीस पुरती उसंत दिलेली नाही. कोकणातल्या माणसाला यातले पहिले कारण समजावून सांगावयास नको. रत्नागिरीकडच्या कातळसड्यावर आषाढ-श्रावणात पाण्याचे लोट वाहतात आणि वैशाखात त्याच सड्याखालच्या वाडीतील बाया हंडा घेऊन कोसभर चालतात. पाऊस किती पडला याइतकेच जमिनीने किती धरून ठेवले यालाही महत्त्व आहे.

याउलट येरुहाम आणि दिमोना येथे वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येरुहाम १९५१ साली आणि दिमोना १९५५ साली वसले. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त तेथे उतरले, त्या पिवळ्या धुळीत त्यांनी संसार मांडले आणि डबा-बादलीने पाणी घालून दाराशी झाडे वाढविली. तेथे पाणी थोडे, पण माणसाने थेंब धरला. येथे पाणी मुबलक, पण भूमी धरीत नाही. दोन्ही जागांना मराठीत वाळवंटच म्हणतात. म्हणूनच एकच शब्द दोन ठिकाणी वापरताना थांबून पाहावे लागते.

वायोउरू हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, म्हणजे साधारण आपल्या माथेरानइतके उंच आहे. माथेरानची गर्द झाडी मात्र येथे नाही, आणि घोड्यांवर बसविणारेही नाहीत. वस्ती हजाराच्या आत. गाव मुख्यतः लष्कराचे आहे. भोवतालच्या विस्तीर्ण माळावर सैन्याचे सराव चालतात. हमरस्त्यालगत किल्ल्यासारखी दिसणारी एक इमारत आहे, ती राष्ट्रीय लष्करी संग्रहालयाची. ते १९७८ साली उघडले. तोफा आणि रणगाडे पाहण्यास मुले धावतातच; परंतु मोठ्यांनी आत एक भिंत अवश्य पाहावी. हिरव्या पाषाणाच्या त्या भिंतीवरून पाणी अखंड झिरपत असते, आणि रणांगणावर पडलेल्या सैनिकांची नावे एकामागून एक उच्चारली जातात. तिचे नाव ‘रोइमाता पोउनामू’, म्हणजे हिरव्या पाषाणावरची आसवे. मृतांचे स्मरण नावानिशी करावे, ही रीत आपणांस परकी नाही. त्या भिंतीपाशी दहा मिनिटे उभे राहिले तर भाषा न कळताही सारे कळते.

गावाबाहेर आले की पुन्हा डोंगर. या डोंगरांकडे माओरी लोक कसे पाहतात, हे जाणून घेतल्याशिवाय त्यांचे दर्शन अपुरे राहते. त्यांच्या परंपरेप्रमाणे न्गातोरोइरांगी नावाचा पुरोहित या शिखरावर चढला आणि दक्षिणेच्या गार वाऱ्याने मरणोन्मुख झाला. त्याने दूरच्या हवाइकीतील आपल्या बहिणींना हाक मारली. त्यांनी पाठविलेला अग्नी समुद्राखालून आणि भूमीखालून धावत आला आणि पर्वतातून उसळला. ‘टोंगा’ म्हणजे दक्षिणवारा, ‘रिरो’ म्हणजे ओढून नेलेला. त्या हाकेवरून टोंगारिरो हे नाव. नवल असे, की तो अग्नी वाटेत जेथे जेथे वर आला असे कथा सांगते, ती ठिकाणे भूशास्त्रज्ञांनी आखलेल्या ज्वालामुखी पट्ट्यातच येतात. डोंगर या लोकांचे पूर्वज आहेत. रंगीपोच्या या वाळूला त्यांनी ‘ते ओनेतापू’ म्हटले, म्हणजे पवित्र वाळू. आपण जिला ओसाड म्हणतो, तिला हे नाव आहे.

यात आपणांस हसण्यासारखे काही नाही. अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावी खडकावर ज्या खुणा आहेत, त्यांना आपण ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतो. परक्या वाटसरूला तो एक काळा कातळ दिसेल. आपल्या आजी-पणजीला तेथे नबीच्या रथाची चाके आणि घोड्यांच्या टापा दिसल्या, आणि आजही कुटुंबे नवस फेडावयास मलिदा घेऊन तेथे जातात. खडक कोणाचा आणि कशाचा, हे त्याच्याशी नाते असलेल्यांना विचारावे लागते. त्या एलियाहूचीच गोष्ट घ्या. तो बेरशेवाहून वाळवंटात शिरला, चाळीस दिवस चालून होरेब पर्वतापाशी पोहोचला. तेथे आधी वारा सुटला, मग भूकंप, मग अग्नी. परमेश्वराची वाणी त्या तिहींत नव्हती. ती त्यानंतरच्या निःशब्दतेत आली. वारा, भूकंप आणि अग्नी हे रंगीपोचेही तीन धनी आहेत. मोटार थांबवून पाच मिनिटे खाली उतरणाऱ्याला तेथली निःशब्दताही भेटते.

या पर्वतांचे रक्षण कसे झाले, ती कथा प्रत्येक घरी सांगितली जावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमीन-न्यायालयामार्फत माओरींच्या जमिनींचे तुकडे पडून विक्री होऊ लागली होती. न्गाती तुफारेतोआ जमातीचा प्रमुख होरोनुकु ते हेउहेउ तुकिनो चौथा यास भय वाटले, की उद्या पवित्र शिखरेही अशीच वाटली जातील. २३ सप्टेंबर १८८७ रोजी त्याने ती शिखरे राणीच्या सरकारच्या हाती दिली. त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान जन्मास आले. पुढे १९९० साली निसर्गासाठी आणि १९९३ साली संस्कृतीसाठी, असे दोनदा त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. अनेक वर्षे या घटनेस ‘दान’ म्हटले गेले. परंतु २०१३ साली वैतांगी न्यायाधिकरणाने आपल्या अहवालात दाखवून दिले, की प्रमुखाच्या मनात शिखरे देऊन मोकळे होणे नव्हते. रक्षणाची जबाबदारी सरकारबरोबर वाटून घेणे होते. आपणांस हे चटकन उमगावे. एखादे कुटुंब सिनेगॉगला सेफेर तोरा अर्पण करते, तेव्हा त्या कुटुंबाचा त्याच्याशी संबंध संपत नाही. उलट त्या दिवसापासून तो अधिक पक्का होतो.

ईस्ट टामाकीत राहणाऱ्यास या कथेचे मोल विशेष जाणवते. ऑकलंड पन्नासांहून अधिक लहान ज्वालामुखींवर वसलेले आहे आणि आमच्या भागातही अशा टेकड्या होत्या. मातांगिनुई, जिला इंग्रजीत ग्रीनमाऊंट म्हणतात, ती खडीसाठी फोडली गेली आणि पुढे त्या जागी शहराचा कचरा भरण्यात आला. ओतारा हिल म्हणजे ते पुके ओ तारा, तिचीही खाण झाली. आज ज्या रस्त्यांवरून आम्ही कामास जातो, त्यांच्या पोटात कोठे तरी अशा टेकड्या पसरलेल्या असतील. तेथे कोणी क्रूर होते असे नाही. त्यांना टेकडीत दगड दिसला, एवढेच. टोंगारिरोच्या भोवती एका माणसाला त्याहून अधिक दिसले, म्हणून तो उभा आहे.

वाळवंट ‘सुधारण्याचे’ प्रयत्नही झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जॉन कलन नावाच्या उद्यानाच्या रक्षकाने स्कॉटलंडचा देखावा येथे उभा करावा, म्हणून हेदर या फुलझुडपाचे बी पेरले. त्या झुडपांत ग्राउस पक्षी वाढतील आणि शिकारीची सोय होईल, असा बेत होता. पक्षी टिकले नाहीत. हेदर मात्र पसरत गेले आणि मूळच्या वनस्पतींची जागा त्याने बळकावली. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याची जांभळी फुले सुंदर दिसतात, पण जाणकाराला त्या सौंदर्याचे दुःख होते. हीच गत उत्तर अमेरिकेतून आणलेल्या कॉन्टोर्टा पाइनची. वाऱ्यावर उडणारे त्याचे बी या उघड्या माळावर सहज रुजते, आणि सवड दिली तर काही दशकांत वाळवंटाचे रान होऊन तांबूस टसॉक गवत आणि खडीतली नाजूक रोपटी नाहीशी होतील. म्हणून ती झाडे शोधशोधून उपटली जातात. पूर्वेकडील कायमानावा डोंगरांतील रानटी घोड्यांची संख्याही याच कारणासाठी मर्यादेत ठेवतात. झाडे लावणे म्हणजे पुण्य, असे आपण मुलांना शिकवितो. कोठे लावावे आणि कोठे लावू नये, हा त्या धड्याचा दुसरा अर्धा भाग आहे. आपणही दुसऱ्या भूमीतून येऊन येथे रुजलो. तेव्हा येथे आधीपासून काय उगवत होते, याची चौकशी करणे हे आपले कर्तव्य ठरते.

ओसाड म्हणून दुर्लक्ष करण्याची किंमत कधी फार मोठी असते. रुआपेहूच्या माथ्यावर एक उष्ण सरोवर आहे. तेथून निघणारी वांगाएहू नदी करडे, आम्लयुक्त पाणी घेऊन या वाळवंटातून वाहते आणि वायोउरूच्या पश्चिमेस टांगीवाय येथे रेल्वेमार्गाखालून जाते. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री सरोवराचा काठ फुटला. चिखल, बर्फ आणि धोंडे यांचा लोंढा नदीतून आला आणि पुलाचा आधार गेला. वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली रात्रीची गाडी तेवढ्यात पुलावर आली. गाडीतील २८५ जणांपैकी १५१ जण मृत्यू पावले. पुष्कळसे नाताळासाठी घरी निघालेले. सिरिल एलिस नावाचा टपाल खात्यातील एक कारकून त्या रात्री तेथून जात होता. पूल गेल्याचे पाहून तो हातातील विजेरी हलवीत रुळांवरून गाडीच्या दिशेने धावला, आणि पुढे कोसळलेल्या डब्यात शिरून प्रवाशांना बाहेर काढण्यास त्याने मदत केली. त्यास पुढे जॉर्ज पदक मिळाले. टांगीवाय या नावाचा अर्थ रडणारे पाणी.

या घटनेनंतर डोंगरावर बारकाईने पहारा ठेवण्यात आला, नदीकाठी इशारा देणारी यंत्रे बसली. १८ मार्च २००७ रोजी सरोवराचा काठ पुन्हा फुटला आणि तसाच लोंढा आला. या वेळी रस्ते व रेल्वे वेळेवर थांबविण्यात आली आणि एकही जीव गेला नाही. पर्वत तोच, नदी तीच. मधल्या त्रेपन्न वर्षांत माणसे त्याच्याकडे पाहावयास शिकली होती. स्मारकाच्या जागी मुलांना या दोन्ही तारखा एकत्र सांगाव्यात.

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी काही सूचना. ऑकलंडहून वायोउरू सुमारे पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. तेव्हा एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. हिवाळ्यात बर्फामुळे डेझर्ट रोड वारंवार बंद होतो. निघण्यापूर्वी चौकशी करावी. उन्हाळ्यातही गरम कपडे, पाणी आणि जेवणाचा डबा जवळ असावा, कारण त्या साठ किलोमीटरांत काही मिळत नाही आणि हवा घटकेत पालटते. लष्कराच्या हद्दीत न फुटलेले दारूगोळे असण्याचा धोका असतो. पाट्या वाचाव्यात आणि कुंपण ओलांडू नये. ज्यांना चालण्याची हौस आहे, त्यांनी डेझर्ट रोडवरून वायहोहोनूच्या पायवाटेस लागावे. दीड-दोन तासांच्या अंतरावर विसाव्या शतकाच्या आरंभीची एक जुनी झोपडी जपून ठेवलेली आहे. शुक्रवारी निघणाऱ्यांनी शब्बाथपूर्वी मुक्काम गाठता येईल असा हिशेब आधीच करावा, म्हणजे वाळवंट घाईत ओलांडावे लागणार नाही. आणि आठवण म्हणून खडा किंवा वाळू खिशात घालून आणू नये. खंडाळ्याच्या कातळाचा तुकडा कोणी फोडून नेला तर आपणांस काय वाटेल, एवढे मनात आणले म्हणजे पुरे.

येरुहाम, दिमोना आणि बेरशेवा येथील वाचकांस एक विनंती आहे. आपल्या दाराबाहेरच्या वाळवंटात आपणांस काय दिसते, पहिल्या वर्षी काय दिसले होते आणि आज काय दिसते, हे चार ओळींत लिहून पाठवावे. येथील मुलांना ते वाचून दाखविता येईल आणि नकाशावर दोन्ही वाळवंटे शेजारी ठेवून पाहता येतील.

पुढील अंकी तौपो सरोवराविषयी.